वेल्टाचे सात चेहरे

एल्मार्स त्या गल्लीत पंचवीस वर्षं फिरकला नव्हता. रीगामध्ये राहून हे जमवायचं म्हणजे सोपं काम नाही. त्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गल्लीच्या अगदी तोंडाशी होता, तर हा दोन स्टॉप आधीच ट्राममधून उतरायचा आणि बागेमागून वळसा घालून दवाखान्यात शिरायचा. त्याची मोठी बहीण मिल्डा एकदा बरोबर होती, ती वैतागून म्हणाली, "त्या गल्लीत तुला कुत्रं चावलं होतं का रे?" एल्मार्स म्हणाला, "फरशी वाईट आहे तिथली. पाय मुरगळतो." मिल्डाने पुढे विचारलं नाही. भावाच्या बाबतीत फार खोदायचं नाही हे ती फार पूर्वीच शिकली होती.

तो प्लास्टरचा कारागीर. भिंती लिंपणारा गवंडी नव्हे. जुन्या इमारतींच्या कपाळावर जे सिंह, फुलांच्या माळा, बायकांची मुंडकी असतात, ती झिजली, फुटली की पुन्हा घडवणारा. सरकारी कारखान्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. आता अडुसष्टाव्या वर्षी तो नदीपलीकडे एका लाकडी घराच्या दोन खोल्यांत राहायचा, काचघरात टोमॅटो लावायचा, शेजाऱ्यांच्या चुली दुरुस्त करून द्यायचा. रस्त्यात नेहमी मान खाली घालून चालायचा. लोक म्हणत, किती विनम्र माणूस. विनम्रपणाचा त्यात काही संबंध नव्हता. या शहरात मान वर केली की कोणाचा ना कोणाचा चेहरा दिसतो, म्हणून तो खाली बघायचा.

त्याची एकुलती मुलगी डायगा आयर्लंडला असायची, कॉर्कला, म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात नर्स म्हणून. नवरा तिथलाच, दोन मुलं तिथलीच. मिल्डाआत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता म्हणून मे महिन्यात ती पाच दिवसांसाठी एकटी आली. डायगा चार वर्षांची असताना तिची आई वारली आणि आत्यानेच तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत सोडलं, तेव्हा यायला तर हवंच होतं. आत्याच्या गावी जेवणं झाली, गाणी झाली, आणि परत आल्यावर हातात एक दिवस मोकळा उरला.

"बाबा, उद्या आपण रीगा बघायचं," डायगा म्हणाली.

"बघायचं काय त्यात? जिथल्या तिथं आहे."

"कॉर्कमध्ये बायका विचारतात, तुझ्या गावात बघण्यासारखं काय आहे म्हणून. मी सांगते, नदी आहे. आणखी? पूल आहे. हसतात मला."

"नदी असली की पूल असणारच."

"तेच म्हणतात त्या."

लायलॅकची जांभळी झुडपं फुलली होती आणि ऊन असं पडलं होतं की म्हाताऱ्या बायकांनीसुद्धा कोट हातावर घेतले होते. बापलेक ट्रामने पूल ओलांडून आधी मंडईत गेले. डायगाने धुरावलेल्या माशाच्या टपरीसमोर उभं राहून नुसता वास घेतला, तेव्हा मासेवाली म्हणाली, "वासाचे पैसे नाहीत बाई, पण अंगठ्याएवढा तुकडा खाल्लास तर मलाही बरं वाटेल." डायगाने दोन मासे घेतले आणि कागदावर ठेवून उभ्याउभ्याच बोटांनी खाल्ले, वर काळा पाव आणि ग्लासभर ताक. एल्मार्स तिला खाताना बघत राहिला. खूप दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

मग कॉफी झाली. मग जुन्या गावातल्या मोठ्या चर्चमध्ये दुपारचं ऑर्गनवादन झालं, जेमतेम वीस मिनिटांचं. डायगाने डोळे मिटून ऐकलं. एल्मार्सने शेजारच्या खांबाच्या तळाची भेग बघितली आणि ती कोणी आणि किती घाईत बुजवली असेल याचा हिशोब केला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, अख्खं शहर वर आहे आणि तू खाली बघत चालतोस. काही पडलंय का तुझं?"

"मान दुखते."

"गेली तीस वर्षं?"

तिथून जवळच जुन्या कपड्यांचं एक छोटं संग्रहालय होतं. शंभर वर्षांपूर्वीचे झगे, हातमोजे, टोप्या, सगळं बिनडोक्याच्या पुतळ्यांवर चढवलेलं. डायगा एका निळ्या झग्यासमोर थांबली.

"आईकडे असं काही होतं का रे?"

"निळा होता एक. पांढऱ्या ठिपक्यांचा. डाव्या कोपराला ठिगळ होतं, आतून लावलेलं, दिसू नये म्हणून."

डायगाने चमकून बापाकडे पाहिलं. आईबद्दल विचारलं की एरवी याच्या तोंडून शब्द फुटत नसे. घरात फोटोही धड नव्हता. लग्नाच्या फोटोत त्याच्या बायकोने, वेल्टाने, नेमकी फुलांचा वास घ्यायला मान खाली घातली होती, आणि ओळखपत्रावरच्या फोटोत हनुवटीपासून नाकापर्यंत सरकारी शिक्का बसला होता. डायगाला आई म्हणजे एवढीच माहीत. केसांचा भांग आणि शिक्का. आणि बाबाने लहानपणी सांगितलेलं एक वाक्य: ताप आला होता, झोपेतच गेली, काही कळलंसुद्धा नाही तिला.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर डायगाने नकाशा उघडला आणि म्हणाली, "आता तुझी गल्ली."

"माझी कुठली गल्ली?"

"अरे, चेहऱ्यांची. सगळं जग बघायला येतं. आणि तू तिथे काम केलंयस ना? आत्या सांगत होती."

"कंगोरे केले मी. कंगोऱ्यांत बघण्यासारखं काही नसतं." मग गुडघा आठवला. मग ट्रामला गर्दी होईल म्हणाला. मग काचघरातल्या रोपांना पाणी घालायचं राहिलंय असं निघालं.

"टोमॅटो तासभर तुझ्याशिवाय जगतील," डायगाने त्याच्या कोपराला धरलं. तिच्या हाताला म्हाताऱ्यांना धरून चालवायची सवय होती. त्या पकडीतून सुटणं अवघड होतं.

गल्लीत लोकच लोक. सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांचे फोन वर. दोन्ही बाजूंना पाच-पाच मजली घरं, आणि खिडक्यांवर, दारांवर, छपराच्या कडेला पांढरे, पिवळट चेहरे. एल्मार्सने शिरताच मान खाली घातली. फरशीत काहीही दोष नव्हता, नवीन बसवलेली होती.

मधल्या घरासमोर तांबडी छत्री उंच धरून एक जाडजूड गाइडबाई घोळक्याला सांगत होती, "आणि ही बघा, चौथ्या मजल्यावर, तोंड वासलेली! घरमालकाचा भाऊ बोटीवर खलाशी. परत आला तो दुसरीच बायको घेऊन. ती गाडीतून उतरली ते पहिलीने याच खिडकीतून पाहिलं, आणि तिची ती किंकाळी मालकाने कायमची भिंतीवर बसवून घेतली!" घोळका हसला. फोन वर झाले.

"अगं बाई, ही!" डायगा ओरडलीच. "बाबा, ही आमच्या फ्रिजवर आहे!"

एल्मार्सला आधी कळलं नाही. "कुठे?"

"फ्रिजवर. मॅग्नेट. माझ्या मैत्रिणीने इथूनच आणून दिलं होतं, झाली सहा वर्षं. पोरं तिला ओरडी आजी म्हणतात. थोरली नोरा जेवली नाही की मी सांगते, बघ हं, ओरडी आजी ओरडेल. धाकटा तर झोपताना तिला हात हलवून—" तिने वळून पाहिलं. "बाबा? अरे, काय झालं? बस, बस इथं."

तिने त्याला समोरच्या घराच्या पायरीवर बसवलं. नाडी पाहिली. पाण्याची बाटली पुढे केली. ती त्याने घेतली नाही. त्याचे हात मांडीवर पडले होते आणि बोटं हलत होती, काहीतरी चाचपत असल्यासारखी.

"ती तुझी आई आहे," तो म्हणाला.

"कोण?"

"ती. वरची."

डायगा हसली. मग तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि तिचं हसू जागीच राहिलं.

त्याने सांगितलं. मान खाली घालूनच, पायरीच्या दगडाला सांगावं तसं. चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी. वेल्टाचं पोट दोन दिवस दुखत होतं. ती म्हणाली, बटाटे बाधले असतील. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला. याच घराचं काम आलं होतं. चौथ्या मजल्यावरचा मूळ चेहरा पार झिजून गेला होता, डोळे नाहीत, नाक नाही, जुना फोटोही कुठे सापडत नव्हता. साहेबांनी सांगितलं होतं, काहीतरी बसवा, वसंतात पाहणी आहे. कारखान्यात बसून तो नमुना घडवत होता. दुपारी सव्वादोनला शेजारीणबाई धापा टाकत आल्या. वेल्टाला उठवत नाहीये, तुम्हाला बोलावलंय.

"मी म्हटलं, एवढं प्लास्टर ओतलंय, आवळून घट्ट झालं की निघतो."

"किती वेळ लागतो आवळायला?" डायगाने विचारलं.

"वीस मिनिटं."

"आणि घरी किती वाजता आलास?"

त्याने पायरीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"बाबा."

"सात."

तिने बोटांवर मोजलं नाही, पण तिचे ओठ हलले. तिच्या आश्रमातही रोज वेळा लिहून ठेवाव्या लागायच्या. गोळी किती वाजता, घंटा किती वाजता वाजली, किती वाजता कोण गेलं.

"पाच तास काय करत होतास?"

"पहिला साचा फसला. मग दुसरा ओतला. तो चांगला निघत होता." आवाज इतका खाली गेला की तिला वाकून ऐकावं लागलं. "चांगला निघत होता, डायगा. काम चांगलं होत असलं की मला काही सुचायचं नाही. मला वाटलं, पोट तर दुखतंय."

सात वाजता तो घरी आला तेव्हा वेल्टा पलंगावर आडवी होती, तोंड उघडं, आणि आवाज पार गेलेला. शेजारणीने चार वर्षांच्या डायगाला आपल्या घरी नेलं होतं; तो येतोच आहे म्हणून तिने अँब्युलन्स बोलावली नव्हती. मग त्याने बोलावल्यावर अँब्युलन्स आली. अपेंडिक्स फुटून कितीतरी वेळ झाला होता. पहाटे वेल्टा गेली. झोपेत नव्हे.

"आत्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग तुला ते तोंडच कसं करावंसं वाटलं?" आता तिचा आवाज चढला. पायरीजवळून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. "तेच तोंड? असं? लोकांनी हसावं म्हणून?"

एल्मार्सने तळहात गुडघ्यांवर पुसले. मग म्हणाला, "ती काहीतरी म्हणत होती. आवाज नव्हता, पण तोंड हलत होतं. मी कान लावला, नाही कळलं. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. नंतर मी आरशासमोर उभा राहायचो, तोंड तसं करून बघायचो, काय शब्द निघतो ते. निघेना. म्हटलं, त्या दिवशीचा नमुना बाजूला ठेवून हेच मातीत केलं तर कळेल. हाताला कळतं माझ्या, डोक्याला कळत नाही ते. महिनाभर मी तेच एक तोंड घडवत होतो. पाहणीची तारीख आली, साहेब आले, बघितलं आणि म्हणाले, जबरदस्त, हेच बसवा. आणि बसवलं."

डायगा उठली. रस्ता ओलांडून त्या घराखाली जाऊन उभी राहिली. चेहरा फार उंचावर होता. इथून तोंडाचा काळा खड्डा तेवढा दिसायचा. तिने मान मागे टाकून तो किती वेळ पाहिला ते एल्मार्सला कळलं नाही. त्याला तिची पाठ दिसत होती, आणि पंचवीस वर्षांत प्रथमच, तिच्या पाठीवरून वर, वेल्टा.

तेवढ्यात तांबडी छत्री नवा घोळका घेऊन आली. बोट, खलाशी, दुसरी बायको. किंकाळीपर्यंत आली तेव्हा डायगा शांतपणे म्हणाली, "खोटं आहे हे."

"असं?" गाइडबाई हसतमुख होती, असल्या पाहुण्यांची तिला सवय असावी. "मग तुम्ही सांगा, का ओरडतेय ती?"

"पोट दुखत होतं तिचं."

घोळका खो-खो हसला. गाइडबाईसुद्धा हसली. डायगा त्यांच्यातून वाट काढत परत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आणखी आहेत?" तिने विचारलं.

"काय?"

"अशा. आईच्या."

"सहा आहेत," एल्मार्स म्हणाला.

"दाखव."

तो उठला. गुडघा खरंच दुखत होता. त्याने तिला घरं दाखवली, ओळीने नाही, आठवतील तशी. ज्या ज्या घरावरचा चेहरा ओळखू येणार नाही इतका गेला होता, तिथे तिथे त्याने नऊ वर्षांत वेल्टाला बसवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. वरचं ते तोंड पुसून टाकावं म्हणून एक हसरी केली. ती दारावरची, केसांत खसखशीची फुलं माळलेली. ती जमली नाही, हसू खोटं आलं. मग एक झोपलेली केली, डोळे मिटलेली, लहानपणी डायगाला सांगितलेल्या गोष्टीसारखी. मग एक रागावलेली. पाचवी नुसतीच समोर बघणारी. सहावी केली तेव्हा जुनं राज्य कोसळून देश बदलला होता, कारखाना बंद पडायच्या बेताला होता, पगार वेळेवर होत नव्हता, आणि त्या सहावीला त्याने कान नीट केलेच नाहीत. सातवी सगळ्यात शेवटी, कोपऱ्यावरच्या घराची. ती करून परांचीवरून खाली उतरला तो पुन्हा गल्लीत आला नाही.

डायगा एकेका चेहऱ्याखाली थांबत होती. फोन तिने बाहेर काढला नाही. खसखशीच्या फुलांची बाई रुंद गालांची होती. झोपलेलीचे गाल बसके. समोर बघणारीचं नाक सरळ, रागावलेलीचं किंचित वाकडं.

"या तर सगळ्या वेगळ्या आहेत रे."

"हं."

"मग खरी कुठली?"

एल्मार्सने पहिल्यांदा मान पूर्ण वर केली. कोपऱ्यावरच्या सातवीकडे बघितलं. मध्यंतरी कोणा दुसऱ्याच कारागिराने तिची डागडुजी केली होती. नवा ओठ बसवला होता, हनुवटी टोकदार केली होती. काम स्वच्छ होतं. तो म्हणाला, "तिसरी करेपर्यंत मला डोळे मिटले की ती दिसायची. चौथीपासून डोळे मिटले की आधीच्या तिघी दिसायला लागल्या. आता याच दिसतात. ती नाही दिसत. मी तिला घडवून घडवून घालवली, डायगा."

डायगाने त्याचा हात धरला नाही. "चल," एवढंच म्हणाली.

ट्राममध्ये दोघं शेजारी बसली आणि पुलावरून जाताना दोघंही नदीकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिने बूट काढले, चुलीवर वाटाणे आणि डुकराच्या मांसाचं कालचं उरलेलं गरम केलं, दोन ताटल्यांत वाढलं. स्वतःची ताटली तशीच ठेवून ती मागच्या अंगणात गेली आणि काचघरातल्या टोमॅटोंना पाणी घालून आली. एल्मार्सला वाटलं, आता बोलेल, आता शिव्या देईल. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं, हे तिला कळत असावं, म्हणूनच ती देत नव्हती.

उन्हं अजून खिडकीत होती. मे महिन्यात ती लवकर हलत नाहीत. डायगा समोर येऊन बसली. म्हणाली, "मी तुला माफ केलं की नाही ते मला आत्ता सांगता येणार नाही. विचारू नकोस."

"नाही विचारत."

"पण चेहरा सोडून बाकीची आई सांग. काय असेल ते. निळ्या ड्रेसचं ठिगळ सांगितलंस ना, तसं."

एल्मार्सने पुढ्यातली ताटली बाजूला सारली. मग तो म्हणाला, वेल्टा पावावर लोणी लावून वर मीठ भुरभुरायची, आणि कोणी बघत नसलं की चमचाभर साखरही. मग म्हणाला, ती चालताना उजवी टाच घासायची, त्यामुळे उजवा बूट आधी झिजायचा आणि डावा नवाच राहायचा. सासूसमोर शीळ घालायची नाही आणि सासू गावी गेली की दिवसभर घालायची. तिला कुत्र्यांची भीती वाटायची पण घोड्यांची नाही. चिडली की ती भांडी घासायची, घासलेलीच पुन्हा. हे सगळं कुठे होतं इतकी वर्षं, त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. डायगा मध्येच विचारायची, "शीळ कुठली, गाण्याची की नुसतीच?" आणि तो आठवून सांगायचा. एकदा दोघं हसलीसुद्धा, आणि हसल्याबरोबर दोघांनी एकमेकांवरून नजर काढून घेतली.

मग डायगाने तोंड उघडलं. सावकाश, जबडा खाली ओढत, तशा आकाराचं. आणि श्वास सोडला. नुसता श्वासच आला. तिने पुन्हा केलं. एल्मार्स खुर्चीला घट्ट धरून बसला होता. पुढच्या घरात कोणीतरी रेडिओ लावला होता.

"पाणी असेल," ती म्हणाली. "शेवटी पाणी मागतात बरेच जण. किंवा माझं नाव असेल. किंवा तुझं. या तोंडात कुठलाही शब्द बसतो, बाबा."

"हो," तो म्हणाला. "तेच झालं माझंही."

शनिवारी ती गेली. विमानतळावर तिने त्याच्या गालाला गाल लावला, पण नेहमीसारखं पाठीवर थोपटलं नाही. कॉर्कला गेल्यावर पहिले तीन रविवार तिचा फोन आला नाही. एल्मार्स फोन ओट्यावर ठेवून घरातच बसून राहायचा. रोपांना आधार बांधायचे होते तेही राहिले. चौथ्या रविवारी फोन वाजला. मुलांची खुशाली झाली, आत्याचं ब्लडप्रेशर झालं, पाऊस झाला. मग डायगा म्हणाली, "आई उजव्या कुशीवर झोपायची की डाव्या?"

त्याने सांगितलं. भिंतीकडे तोंड करून, म्हणजे डाव्या.

तेव्हापासून दर रविवारी एक प्रश्न येतो. तिला पोहता यायचं का. ती चिठ्ठीत सही कशी करायची. तिला कोणाचा राग यायचा. एल्मार्स आठवडाभर त्या प्रश्नांची वाट बघतो आणि त्यांना भितोही. कधी उत्तर लगेच येतं. कधी फोन कानाला लावून तो इतका वेळ गप्प बसतो की डायगा विचारते, "बाबा, आहेस ना?"

मागच्या रविवारी तिने विचारलं, मी झाले तेव्हा आई काय म्हणाली होती? एल्मार्सने खूप प्रयत्न केला. त्याला प्रसूतिगृहाची खिडकी आठवली, आत सोडत नसत म्हणून खाली बर्फात उभे असलेले नवरे आठवले, कोणीतरी गुंडाळलेलं पोर काचेशी धरलेलं आठवलं. काचेमागे वेल्टाचं तोंड हलत होतं. काच बंद होती.

"ऐकू आलं नाही मला," तो म्हणाला.